पुराव्याची खोकी

माजी महापौरांवरच्या पूल-घोटाळ्याच्या खटल्यात पुराव्याच्या प्रती आरोपीच्या वकिलांना द्यायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती, आणि त्या प्रतींची खोकी सरकारी वकिलांच्या घरी सोफ्यामागे पडून होती.

ती घरी येण्याचं कारण अगदी सरकारी होतं. वरून फोन आला होता. महापौर अडकले पाहिजेत, पण त्यांच्या शेजारी उभं राहून फीत कापणारी आपली माणसं कुठल्या कागदात दिसता कामा नयेत, तेव्हा सगळं एकदा नजरेखालून घाला. वकीलसाहेबांनी हो म्हटलं, खोकी घरी आणली आणि वाचनाचं काम पुढच्या मुदतवाढीवर सोडून दिलं. मुदतवाढ आजवर मागितली की मिळत आली होती. या वेळी मात्र न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की शुक्रवारी प्रती पोचल्या नाहीत तर खटला निकालात निघाला असं समजा.

नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई कायमच्या राहायला आल्या. त्यांचं सामान बांधायला साहेबांनीच ऑफिसातली रिकामी खोकी आणून दिली होती. तीच तपकिरी, त्यावर तोच सरकारी शिक्का. आईचं सामान हाताशी असावं म्हणून बायकोनं सोफ्यामागची खोकी अडगळीच्या खोलीत ढकलली आणि त्या जागी आईची लावली. शुक्रवारी साहेबांनी कोर्टातून टेम्पोवाल्याला फोन केला, सोफ्यामागची सगळी खोकी उचल म्हणाले. त्यानं इमानेइतबारे उचलली. आरोपीच्या वकिलांच्या ऑफिसनं पोचही दिली: ‘सर्व कागदपत्रे तपासून घेतली.’

रविवारी सासूबाईंना गुडघ्याचा पट्टा हवा होता. सोफ्यामागे खोकी दिसेनात, तेव्हा त्या अडगळीच्या खोलीत शिरल्या.

“जावईबापू,” त्या बाहेर येऊन म्हणाल्या, “माझ्या खोक्यात हे सिमेंटचे हिशेब कुणी भरले हो?”

साहेबांनी सोफ्यामागे डोकावून पाहिलं. बायकोनं डोळे मिटून घेतले.

सोमवारी सगळं कबूल करायचं ठरवूनच साहेब कोर्टात गेले. नोकरी जाणार, शिवाय वरचे लोक जन्मात तोंड बघणार नाहीत, हे धरून चालले होते. ते उठणार एवढ्यात आरोपीचे वकील उभे राहिले. सरकारनं आमच्यावर कागदांचा डोंगर लोटला, ते म्हणाले. दोन दिवस आम्ही जेवणखाण विसरून एकेक कागद वाचला. प्रत्येक पान आमच्या अशिलाचं निर्दोषत्व ओरडून सांगतंय, पण विषय इतका गुंतागुंतीचा आहे की अभ्यासाला आणखी वेळ हवा.

न्यायाधीशबाईंनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. “तुमचं काय म्हणणं?”

साहेबांनी तोंड उघडलं. कबुलीचं पहिलं वाक्य ओठांवर होतं. “हरकत नाही,” ते म्हणाले आणि खाली बसले.

मधल्या सुट्टीत त्यांनी आरोपीच्या वकिलांना कोपऱ्यात गाठलं आणि अंदाज घेतला. काही प्रती जरा पुसट निघाल्यात, खोकी परत दिलीत तर उद्याच्या उद्या स्वच्छ छापून देतो.

“छे छे, आता कसं जमेल?” वकील म्हणाले. “आमच्या लोकांनी पानापानावर खुणा केल्यात.”

साहेबांच्या डोळ्यांपुढे सासूबाईंचे परकर आले. त्यावर कुणी काय खुणा केल्या असतील, याचा विचार त्यांनी निग्रहानं टाळला.

इकडे माजी महापौर वेगळ्याच मुशीतले. सारं आयुष्य दुसऱ्यांच्या सह्यांवर काढलेल्या या माणसाला एकदा तरी स्वतः बघावंसं वाटलं. वकिलांना न सांगता तो त्यांच्या ऑफिसात गेला आणि त्यानं खोकी उघडली. संध्याकाळी तो तावातावानं वार्ताहरांसमोर आला. शेजारी वकील हसतमुखानं उभे होते.

“मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय,” तो म्हणाला. “पुरावा-बिरावा काही नाही. म्हातारीचे कपडे आहेत. एक शेकायची पिशवी आहे. एकाच पायाचा मोजा आहे. आईशप्पथ सांगतो.”

वार्ताहरांना हसू आवरेना. वकिलांनी कौतुकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सरकारच्या तकलादू पुराव्याचं इतकं चपखल वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं, असं वाहिनीवरच्या जाणकारांनी एकमुखानं सांगितलं. तो बिचारा “अहो, खरंच कपडे आहेत,” असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि दर वेळी टाळ्या पडत राहिल्या.

दिवाणखान्यात साहेब उशी छातीशी धरून टीव्ही बघत होते. बायको त्यांच्याकडे बघत होती. सासूबाई मात्र पुढे सरकून पडद्यावरच्या माणसाला अगदी निरखून पाहत होत्या.

“अगं, हा तर सरळ माणूस दिसतोय,” त्या लेकीला म्हणाल्या. “शब्दन् शब्द खरा बोलतोय. याला कशाला धरलंय तुझ्या नवऱ्यानं?”