कपाटातली ताई

"सिनेमा माझ्या भावाचा आहे आणि त्यातलं कपाट आमच्या घरचं आहे," असं ताईने दवाखान्यात दाढ धरून बसलेल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. ती दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावायचं काम करायची. तिच्या हाती नंबर असल्यामुळे सिनेमाला यायला नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती.

सिनेमा भुताचा, कोणी नाव न ऐकलेला. लागला तो एकाच थिएटरात, दुपारच्या खेळाला. प्रेक्षक निम्मे नातेवाईक आणि निम्मे दाढदुखीवाले.

पडद्यावर एक लहान मुलगा कपाटाकडे बघत थरथरत होता. दार कुरकुरलं आणि आतून केस मोकळे सोडलेली एक मुलगी बाहेर आली.

"दूध संपव, नाहीतर कपाटात कोंडीन," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

ताई ताठ झाली. हे वाक्य तिचं होतं. लहानपणी ती धाकट्या भावाला रोज असंच दरडावायची. भुताने चष्मासुद्धा तिच्यासारखाच नाकाच्या शेंड्यावर लावला होता. शेजारी नवरा तोंडावर रुमाल दाबून हसून गदगदत होता.

भुताने त्या पोराला खरंच कोंडलं, तेव्हा मात्र ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उभी राहिली.

"साफ खोटं आहे हे. कधी कोंडलं होतं मी तुला? नुसती म्हणायचे."

पुढच्या रांगेतला धाकटा खुर्चीत खाली खाली सरकला. "ताई, बस ना. लोक बघतायत."

"बघू देत. आई कामावर गेली की तुला भरवायचं कोण? हे भूतच ना?"

दाढदुखीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा खेळाचाच भाग.

घरी आल्यावरही तिचा राग निवेना. नवरा शहाणा, तो भाजी आणायला म्हणून सटकला. ताईने सिनेमातलं ते कपाट उघडलं. "यात मेलं घाबरण्यासारखं आहे तरी काय?" असं म्हणत तिने कपडे बाजूला सारले आणि स्वतःच आत जाऊन बसली.

दार खटकन लागलं. ते आपोआप मिटावं म्हणून शूटिंगवाल्यांनी स्प्रिंग बसवली होती आणि जाताना ते ती काढायला विसरले होते. आतून उघडायची सोय नव्हती.

थोड्या वेळाने धाकटा माफी मागायला आला. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. "ताई, आहेस का?"

"आहे," कपाट म्हणालं. "दार उघड."

धाकटा जिन्यात पोचला तेव्हा त्याची एक चप्पल मागेच राहिली होती. परत आला तो भाजीची पिशवी घेतलेल्या भावजींच्या पाठीमागून.

ताई बाहेर आली ती घामाने निथळत.

"घाबरलीस?" धाकट्याने विचारलं.

"मी? हट्. उकडत होतं नुसतं." मग पदराने चष्मा पुसत ती म्हणाली, "एवढी भीती वाटायची तर बोलायचं नाही का रे?"

"तोंडात दूध असायचं ना."

स्प्रिंग काढून टाकली आणि त्या दिवसापासून कपाटाचं दार सताड उघडं असतं. कपड्यांना हवा लागावी म्हणून, असं ताई सांगते. नवरा लावायला गेला, तर चिडते.