भिंत बरी होते

“अखंडराव, भिंतीला तडा कधी जाणार?” बाईंनी विचारलं आणि कंत्राटदाराच्या घशात चहा अडकला.

तीस वर्षांत त्यांच्या एकाही भिंतीला तडा गेला नव्हता. ‘अखंडराव’ हे नाव लोकांनी त्यावरूनच पाडलं होतं. पण जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंनी हट्टानं आपल्या घराच्या काँक्रीटमध्ये झोपलेले जिवाणू घालायला लावले. फटीतून पाणी शिरलं की ते जागे होतात आणि दगडासारखा थर तयार करून फट बुजवतात म्हणे.

“धडधाकट माणसाला औषध कशाला?” अखंडराव तेव्हाच फणकारले होते.

घर होऊन आता वर्ष झालं. बाई रोज दुपारी भिंग घेऊन भिंतीसमोर बसत. उन्हाचा चौकोन सावकाश वर सरके. आत लाखो जीव निजलेत, या विचारानं त्या बोलतही हळू.

“तुम्हीच पाडा ना एक. केसाएवढा.”

“माझ्या हातानं? त्यापेक्षा बोट मागा, कापून देतो!”

पण बाईंचा चेहरा इतका पडला की, दुसऱ्या दिवशी ते छिन्नी घेऊन आले आणि डोळे मिटून घाव घातला. तडा गेला. बाईंनी हौसेनं पाणी शिंपडलं.

तीन आठवडे झाले तरी तडा जिथल्या तिथे. अखंडरावांना घास गोड लागेना. येणारा-जाणारा त्या तड्याकडेच बघतोय, असं वाटे. बाईंनी तर भिंग कपाटात ठेवून दिलं. ते मात्र अखंडरावांना बघवेना. बाई भाजी आणायला गेल्या तेव्हा त्यांनी अंगठ्यानं फटीत थोडा चुना भरला. थोडाच; एका दिवसात बुजली तर संशय यायचा.

दुसऱ्या दिवशी बघतात तर फट त्यांनी सोडली होती त्याहून जास्त भरलेली! अखंडरावांनी भिंतीला कान लावला. आत कुणीतरी हलकेच राबतंय, असा भास झाला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना भिंतीची माया वाटली. मग तेही हातभार म्हणून रोज चिमूटभर चुना भरू लागले.

आठवड्यानं तड्याच्या जागी बोटभर जाड उंचवटा उभा राहिला. दोघं त्याच्यासमोर उभे राहिले.

“जरा जास्तच बरी झाली, नाही?” अखंडरावांनी पांढरा अंगठा खिशात लपवला.

“तुमचं नाव जाऊ नये, असं वाटलं असेल बिचाऱ्यांना,” बाई म्हणाल्या. त्यांचा हात पाठीमागे होता. कोपरापर्यंत चुना लागलेला.

अखंडरावांनी तो पाहिला. त्यांनी खिशातला अंगठा हळूच बाहेर काढला.

“फार कष्टाळू आहेत हो,” ते म्हणाले.

“हो ना,” बाई म्हणाल्या, “दोघंही.”