विशेकाकांच्या पायऱ्या

विशेकाका लग्नाला यायचे, पण हॉलमध्ये शिरायला त्यांना फार वेळ लागायचा. आत मंगलाष्टकं चाललेली आणि हे बाहेर, पायरीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी उभी करून डिजिटल कॅमेऱ्यानं पायऱ्यांचे फोटो काढतायत. नवरानवरीचा एकही फोटो त्यांच्याकडे नसे.

काका भातसानगरला धरणाचे नकाशे काढायचे. निवृत्तीनंतर शहापुरात आमच्या शेजारी राहायला आले आणि कॉम्प्युटर क्लासात कॉलेजच्या मुलींमध्ये बसून प्रोग्रॅम लिहायला शिकले. फोटोतल्या पायऱ्या कॉम्प्युटरनं स्वतः ओळखायच्या, काठीवरून उंची काढायची आणि व्हीलचेअरसाठी किती लांब रॅम्प लागेल ते सांगायचं, असा सगळा खटाटोप.

“टेपनं मोजा की,” मी म्हणालो.

“टेप काढला का वॉचमन हाकलतो. फोटोला कोन नाय म्हनत नाय.”

शहापूर-मुरबाडमधल्या बहुतेक इमारतींवर त्यांचा एकच शेरा असे, “दारातच नापास.”

एकदा वाचनालयाच्या तीन पायऱ्या कॉम्प्युटरनं अकरा मोजल्या. कठड्यावर कुणीतरी पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी वाळत घातली होती. काका आठवडाभर त्या सतरंजीवर चिडून होते. मग प्रोग्रॅम दुरुस्त करून, अठरा फुटी रॅम्पचं चित्र घेऊन ते सेक्रेटरींकडे गेले.

“अठरा फूट? मग सायकली कुठं लावायच्या?”

“सायकल कुठं पन उभी राहते, सायेब.”

वर्षभर काका खेपा घालत राहिले. शेवटी वैतागून का होईना, सेक्रेटरींनी रॅम्प बांधला.

रॅम्प तयार झाला त्या सकाळी काकांनी टेंपोला फळी लावून वैशाखऱ्याहून बहिणीला आणलं. यमुनाताई पन्नाशीच्या, लहानपणीच पोलिओ झालेला. काकांना बहीण आहे हे शेजारी राहूनही मला ठाऊक नव्हतं. काकांनीच सांगितलं, तिला ते पाठीवर घेऊन शाळेत न्यायचे. सातवीनंतर ती म्हणाली, “दादा, आता मला उचलू नको.” आणि तिनं बाहेर जाणंच सोडलं.

ताई स्वतः चाकं फिरवत रॅम्प चढल्या. मध्ये एकदा दम खायला थांबल्या, तेव्हा काकांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. त्या आत गेल्या, आणि काका बाहेर पायरीवर बसले. तास होऊन गेला.

“काका, आत चला ना,” मी म्हणालो.

“नको. आयुष्यात पयल्यांदा कुठंतरी एकटी गेलीय ती. बसू दे तिला.”