जोडीदार हलत नाही

गोडादऱ्याच्या कामगारवस्तीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या सुपडूभाऊंनी एका सकाळी फिरायला जायचा कंटाळा केला, आणि त्यापायी आख्ख्या वस्तीतली म्हातारी माणसं जागेवर बसली. खोटं वाटेल, पण गोडादऱ्यात कोणालाही विचारा.

मुलगा योगेंद्र कोसाडला वेगळा राहायला गेला, तेव्हा त्याने बापाच्या फोनमध्ये म्हाताऱ्यांना चालतं ठेवणारं ॲप घालून दिलं होतं. त्यात वस्तीतल्या म्हाताऱ्यांचा एक गट, आणि गटातल्या प्रत्येकाला एक जोडीदार. आपण चाललो नाही, तर फोन जोडीदाराकडे चुगली करतो. सुपडूभाऊंचा जोडीदार भिकन. दोघांनी एकाच कारखान्यात कापडाचे सांचे, म्हणजे यंत्रमाग, चालवलेले. पण काम सुटल्यापासून भिकनने त्यांचा जिना पाहिला नव्हता.

त्या दिवशी तो धापा टाकत आला.

"सुपडू, जित्ता शेस ना? फोन म्हनस, तू हालत नही."

"जित्ता शे. चहा पिशी का?"

भिकन दुपारपर्यंत बसला. तो गेल्यावर खोली पुन्हा गप्प झाली. सगळा जन्म सांच्यांच्या खडखडाटात गेलेल्या माणसाला ती शांतता सोसेना. चालत्या सांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही; बंद पडला की दुरुस्तीच्या मास्तरपासून शेठपर्यंत सगळे धावतात, हे सुपडूभाऊंना चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ते रीतसर बंद पडले.

भिकन आला, सोबत कळण्याची भाकरी घेऊन गटातल्या उषाबाई आल्या. तिसऱ्या दिवशी सगळा गटच आला. कोणी गुडघ्याला तेल चोळलं, कोणी दृष्ट काढली. सुपडूभाऊ आनंदाच्या भरात कण्हायचं विसरले.

जिना उतरताना भिकन मध्येच थांबला. "उषाबाई, मी रोज चालस. मन्हाकडे कोन येस?"

दुसऱ्या दिवशी भिकन घरीच बसला, उषाबाई बसल्या, गट बसला. सगळ्यांचे फोन एकमेकांच्या नावाने बोंबलत होते. सगळ्यांची दारं अर्धी उघडी, सगळ्यांच्या गॅसवर चहा. उठणार कोण? उठेल त्याच्याकडे कोणी येणार नव्हतं.

सुपडूभाऊंच्या चहाचा काढा झाला. जिन्यावर पावलं वाजली, ती वरच्या मजल्यावर निघून गेली. शेवटी त्यांनी चपला घातल्या.

"या भाऊ," उषाबाई दारातच म्हणाल्या, "सकायपासून भाकर झाकी ठेयेल शे."

तिथून पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक ठिकाणी चहा. साऱ्या गल्ल्या तुडवून ते भिकनच्या दाराशी पोचले, तोच फोनमधून तुतारी वाजली. 'अभिनंदन. तुम्ही गटातले सर्वांत सक्रिय ज्येष्ठ आहात. यापुढे तुम्हाला जोडीदाराची गरज नाही.' आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरून भिकनचं नाव पुसलं गेलं.

आत भिकन पांघरूण घेऊन पडला होता. एक डोळा दाराकडे.

"तुले फोननी धाडं का?"

"नही रे. फोन म्हनस, माले आते कोनी नको."

भिकन पांघरूण गोळा करून खाटेवर भिंतीकडे सरकला.

"बठ," तो म्हणाला. "पन चहा तू टाक. मी आजारी शे."