जगदेवीअक्कांचा पाळणा आणि माझे संदर्भ

लातूरच्या एका महाविद्यालयात मी संगीत शिकवतो. पदोन्नतीसाठी शोधनिबंध सक्तीचा झाला, तेव्हा संगीताच्या इतिहासाबद्दल मला एकाएकी जिव्हाळा वाटू लागला. विषय निवडला : 'देगलूर परिसरातील पाळणागीते : एक ऐतिहासिक अभ्यास'.

देगलूरला जगदेवीअक्का भेटल्या. कापडाचं दुकान, खणखणीत आवाज आणि आपल्याशिवाय गावात बारसं होऊच शकत नाही, ही खात्री. मराठीत कानडी मिसळलेला, आईकडून आलेला पाळणा त्यांनी गल्ल्यावर बसूनच म्हटला. गिऱ्हाईकं भाव करायची थांबली. मी मोबाइलवर तो ध्वनिमुद्रित केला आणि संदर्भसूचीत पहिलं नाव अक्कांचं लिहिलं.

संशोधन समितीच्या अध्यक्षा मंजुश्री मॅडमनी ते खोडलं.

"ह्या कुठे प्रकाशित आहेत?"

"मॅडम, ह्या जिवंत आहेत."

"तेवढं पुरेसं नाही."

नियम अडचणीचा होता, पण वाटही नियमातूनच निघाली. अक्कांनी सांगितलेलं सगळं मी माझ्या नावानं एका नियतकालिकात छापून आणलं आणि निबंधात स्वतःचाच संदर्भ दिला. मॅडम प्रसन्न झाल्या. "आता कसं विश्वासार्ह वाटतंय!" पाळण्याचा उगम अशा रीतीने अधिकृतपणे माझ्यापाशी आला. अक्का तळटीपेत 'एक स्थानिक महिला' म्हणून उरल्या. पुढे शब्दमर्यादेमुळे तळटीपही गेली.

वर्षभरानं नांदेडच्या एका लोकसंगीत महोत्सवात अक्कांना गायची संधी आली. बारशांत आयुष्य गेलं. मंच पहिल्यांदाच मिळत होता. आयोजकांनी मूळ स्रोताचं संमतिपत्र मागितलं. अक्कांचा फोन आला.

"सर, माझ्या आईचा पाळणा म्हणायला तुमची परवानगी लागते म्हणून राहिले ही लोकं. खरं हाय का?"

मला लाज वाटली. पण ती कार्यालयीन स्वरूपाची होती. मी तात्काळ सही-शिक्क्यानिशी संमती दिली आणि दिवसभर स्वतःच्या उदारपणावर खूश राहिलो.

महोत्सवात पाळण्याचा इतिहास सांगायला आधी मला बोलावलं. मी कालखंड पाडले, प्रवाह दाखवले, स्वतःला आदरपूर्वक उद्धृत केलं. अक्का नवी इरकल नेसून कडेला उभ्या होत्या. माझं भाषण संपलं, तेव्हा त्यांची वेळही संपली होती. सूत्रसंचालक आभार मानू लागले.

अक्का सरळ पुढे आल्या. सूत्रसंचालकांच्या हातातून माईक घेतला आणि माझ्यासमोर धरला.

"म्हणा सर. पाळणा तुमचाच हाय न्हवं!"

मी खाकरलो. चाल अंधूक आठवली, शब्द आठवेनात. ते ध्वनिमुद्रण मी पुन्हा कधी ऐकलंच नव्हतं. शेवटी "वेळेअभावी..." एवढंच म्हणालो आणि सभागृहात टाळ्या पडल्या. अक्का पायऱ्या उतरून निघून गेल्या. त्यांना कुणी थांबवलं नाही, मीही नाही.

पदोन्नती झाली. आता समितीवर मीच आहे. तिथे एक जागा रिकामी आहे. आपण इथवर मन लावून वाचलंत, आणि पाळण्याचे शब्द काय होते, असं एकदाही मनात आलं नाही. आपण अर्ज करावा.