विद्वांसांची हरकत

आमच्या शेजारच्या विद्वांस सरांसमोर चुकूनसुद्धा 'हरकत नाही' म्हणायची सोय नव्हती. पायावर पाय पडला, चहा सांडला, दूधवाला उशिरा आला आणि तुम्ही सवयीनं 'हरकत नाही' म्हणालात, की संपलं. चष्मा कपाळावर चढायचा, बोट वर व्हायचं. "वहिनी, विचार करून बोला. नोंद होते!"

कसली नोंद आणि कोण करतोय? पाय माझा चेंगरलाय, कळवळत्ये मी, आणि ह्या माणसाला नोंदीचं पडलंय! दिवसभर शाळेत पोरांपुढे ओरडून आलेल्या बाईनं हे किती ऐकायचं?

तेव्हा कोकण रेल्वे नवी होती आणि मोबाइल अजून कुणाकडे नव्हते. सर रत्नागिरीतल्याच एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायचे. विषय 'पर्यावरणाचं राजकारण आणि धोरण'. आडनावच विद्वांस, आणखी पदवी कशाला हवी, असं आमचे हे म्हणायचे. पण सरांचा ध्यास! कुठे कारखाना यायचा, कुठे बंदर व्हायचं आणि त्यासाठी सरकारनं जनसुनावणी ठेवली, की सर पहिल्या एसटीनं तिथं हजर.

अशाच एका सुनावणीला म्हणे एक म्हातारे बागायतदार आले होते. धुरानं हापूसचा मोहोर जळेल, कारखाना नको, एवढंच त्यांना सांगायचं होतं. सकाळपासून बसून बसून बिचाऱ्यांची पाठ मोडून गेली. दुपारी नाव पुकारलं तेव्हा साहेब म्हणाले, "अप्पा, फार वेळ बसवलं हो तुम्हांला." अप्पा सभ्य माणूस. म्हणाले, "हरकत नाही." कारकुनानं तेवढंच टिपलं आणि पान उलटलं. अप्पा नंतर तावातावानं बोलले, पण कागदावर त्यांची हरकत नाही ती नाहीच!

"आपण भिडस्तपणानं बुडलो, वहिनी," सर म्हणायचे. ह्या दोन शब्दांवर त्यांनी अख्खं प्रकरण लिहिलं होतं. मुंबईचे मार्गदर्शक ते कमी करा म्हणून परत पाठवायचे, सर ते वाढवून पुन्हा पाठवायचे. प्रबंध काही संपेना. ऐकून ऐकून आमचे मात्र कान किटले.

माझ्या पुतणीच्या लग्नाची बोलणी आमच्या ओटीवर चालली होती. मुलाकडचे म्हणाले, मे महिन्यात उरकून टाकू. माझे दीर म्हणाले, "आमची काही हरकत नाही." झालं! सर कुंपणापलीकडून ओरडले, "मुलीला विचारलंत का?" मुलाकडच्यांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या. लग्न जमलं ते गणपतीपुळ्याच्या गणपतीच्या कृपेनं. दीर त्यानंतर कित्येक महिने सरांशी बोलले नाहीत.

आणि ह्या माणसाबरोबर नलिनीनं संसार केला. नलिनी म्हणजे सरांची बायको. सरकारी कचेरीत होती. तिला बढती मिळाली, पण पुण्याला. तिनं घरी येऊन विचारलं, "जाऊ ना मी?" सर नेमके तेच प्रकरण लिहीत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "हरकत नाही."

"नोंद झाली, मंगलाताई," मला एवढंच सांगून तिनं बॅग भरली. आम्ही दोघीही हसलो, पण तिचं हसू काही खरं नव्हतं.

सरांनी घरचा फोन कधीच काढून टाकला होता. म्हणे प्रबंधात व्यत्यय येतो. त्यामुळे नलिनीचा फोन आमच्याकडे यायचा, दर रविवारी. सर आधीच येऊन बसायचे आणि वर म्हणायचे, "सहज आलो होतो." अंगातल्या शर्टाला इस्त्री नाही, दाढीचे खुंट वाढलेले. मला राग यायचा आणि दयाही यायची.

एका रविवारी फोन मीच उचलला. नलिनी म्हणाली, "ताई, पुण्यातच कायम राहायचं की परत यायचं, ते उद्या कचेरीत सांगायचंय. ह्यांना एकदा विचारत्ये." मी रिसीव्हर सरांच्या हातात दिला आणि नारळ खवायला बसले. कान अर्थातच तिकडे.

सर नुसते "हं, हं" करत होते. मला वाटलं, आता हा सवयीनं घात करतोय! मी विळीवरून उठलेच. तेवढ्यात सर बोलले, आणि तेही सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"नको राहूस तिथं, नलू. मला घरात करमत नाही गो. प्रबंध झाला काय नि न झाला काय, वाचून कुणाला दाखवू?"

तिकडून ती काहीतरी म्हणाली.

"तेव्हा?" सरांचा आवाज एकदम खाली आला. "तेव्हा मला वाटलं, तू आणखी एकदा विचारशील."

रिसीव्हर माझ्या खोबऱ्यानं भरलेल्या हातात कोंबून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"मंगलाताई," नलिनीनं विचारलं, "हे रडतायत का हो?"

मी बघितलं. एवढा मोठा प्राध्यापक, शर्टाच्या बाहीला नाक पुसत होता.

"होय गो," मी म्हटलं.

ती म्हणाली, "रडू देत थोडं." तिनंही तिकडे नाक ओढलं. "मग सांगा त्यांना, मी येत्ये."