बोरकुटेकाकांचं पब्लिक

रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता आमच्या शेजारचे बोरकुटेकाका इस्त्रीचा शर्ट घालतात, पाणी लावून भांग पाडतात, पायांत बूट चढवून लेस बांधतात आणि घराबाहेर न पडता स्वतःच्याच हॉलमध्ये जाऊन बसतात. एरवी त्या घरात चपला दाराबाहेर काढाव्या लागतात. गॅस सिलिंडरवाल्यालाही त्यांनी एकदा अनवाणी आत घेतलं होतं. पण रविवारी हॉलमध्ये कॉन्सर्ट असते आणि कॉन्सर्टला अनवाणी कोण जातं, असा त्यांचा प्रश्न असतो. नागपुरातल्या आमच्या मनीषनगरात याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

कॉन्सर्ट म्हणजे कॅसेट. पन्नासेक वर्षांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेतल्या लांब केसांच्या मंडळींनी मोठमोठ्या मैदानांत आणि सभागृहांत जे रॉक संगीत वाजवलं, ते प्रेक्षकांत बसून कोणीतरी रेकॉर्ड करून घेतलेलं. अशा कॅसेटींनी काकांची दोन लोखंडी कपाटं भरलेली आहेत. मला यातलं काही कळत नाही हे आधीच सांगून टाकतो. गिटारवाला अगदी रंगात आला की माझ्या कानाला आमच्या मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी चालल्यासारखं वाटतं. तरी त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला मी मोठ्या हौसेनं त्यांच्याच आवडत्या बँडची, स्टुडिओत केलेली, स्वच्छ आवाजाची सीडी भेट दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली.

"यात माणसंच नाहीत गा," काका म्हणाले. "बंद खोलीत बसून वाजवून राहिले. कोणासाठी?"

त्यानंतर हळूहळू माझ्या लक्षात आलं की काका बँड ऐकतच नाहीत. ते पब्लिक ऐकतात. गाणं सुरू असताना ते छताकडं बघत स्वस्थ बसतात आणि गाणं संपत आलं की पुढं सरकून कान देतात. कोणत्या कॅसेटीत डावीकडून शिट्टी येते, कुठं एक बाई गाणं सुरू व्हायच्या आधीच हसते, कुठं मागच्या रांगेतला माणूस दर दोन गाण्यांनी एकाच गाण्याची फर्माईश करतो आणि त्याचं कोणी ऐकत नाही, हे सगळं त्यांना पाठ आहे. एक खोकणारा गृहस्थ तर त्यांना तीन वेगवेगळ्या शहरांतल्या कॅसेटींत सापडला. बँडच्या मागोमाग गावोगाव जाणारा तो कोणी भक्त असावा. तिसऱ्या गावापर्यंत त्याचा खोकला छातीत उतरला आहे, असं काकांचं मत पडलं. "दवाखान्यात काहून नाही जात हा?" असं म्हणून ते त्या दिवशी खरोखर अस्वस्थ होते. चौथ्या गावाची कॅसेट मिळवायला त्यांना दोन वर्षं लागली. त्यात खोकला नव्हता, तेव्हा माणूस बरा झाला की गेला यावर आमच्या जिन्यात अर्धा तास चर्चा झाली.

या कॅसेटी त्यांना पोस्टानं येत. जगभरचे हौशी लोक आपापल्या कॅसेटी एकमेकांना पाठवत, अट एवढीच की मिळालेल्या कॅसेटीच्या बदल्यात आपलीही एक द्यायची. काकांकडं सुरुवातीला द्यायला काहीच नव्हतं. नागपुरात परदेशी बँड कोण आणणार? पण नियम म्हणजे नियम. म्हणून पोळ्याच्या पाडव्याला त्यांनी टेपरेकॉर्डर पोटाशी धरला आणि गावाची इडापिडा पुतळ्यासोबत बाहेर घालवणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत शिरले. हजारो लोक एका सुरात "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडताहेत, ढोल वाजताहेत, कोणाचा तरी पाय तुडवला म्हणून अस्सल नागपुरी शिव्या चालल्या आहेत, अशी दीड तासाची कॅसेट त्यांनी इंग्लंडला रवाना केली. महिन्याभरानं उत्तर आलं. पब्लिक जबरदस्त आहे, बँड कोणता? ते पत्र काकांनी फ्रेम करून लावलं आहे.

नोकरीची शेवटची वर्षं काका मौद्याच्या वीज केंद्रात होते, कंट्रोल रूममध्ये. तिथं शिफ्टमध्ये घडलेली प्रत्येक गोष्ट वेळेसह लॉगबुकात लिहायची पद्धत. काकांनी ती पद्धत घरी आणली. प्रत्येक कॅसेटीचं एक लॉगबुक आहे. चौदा मिनिटं वीस सेकंद, टाळ्या, जोरदार. एकोणीस मिनिटं पाच सेकंद, बाटली पडली, कोणाला लागलं नसावं. बावीस मिनिटं, परिस्थिती सामान्य. अक्षर मोत्यासारखं.

काकू होत्या तोवर त्या कॉन्सर्टला शेजारी बसून वाटाणे सोलत. त्यांनाही त्या संगीताचं प्रेम नव्हतं, पण टाळ्या मात्र त्या बरोबर जागी वाजवायच्या. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. मुलगी कॅनडात असते, तिचा बुधवारी फोन येतो. बुधवारचा फोन आणि रविवारची कॉन्सर्ट, आठवड्यातून एवढ्या दोनदाच त्यांच्या घरात माणसांचा आवाज होतो. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण आमची भिंत पातळ आहे. म्हणून मग दर रविवारी माझी बायको मला "जाऊन बसा थोडं" असं म्हणून पलीकडं पाठवू लागली. स्वतः ती कधी आली नाही. तिचं डोकं दुखतं.

तिथले नियम कडक. कॉन्सर्टमध्ये कूलर बंद. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, कूलर बंद, कारण त्याच्या घरघरीत मागच्या रांगा ऐकू येत नाहीत. चिवडा, मुरमुरे, कुरकुरीत असं काहीही वर्ज्य. आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे चुकीच्या जागी टाळी. हे वाजवणारे लोक लबाड असतात, मध्येच एकदम थांबतात, नवख्याला वाटतं संपलं, आणि तो टाळी वाजवून मोकळा होतो. मी पहिल्याच रविवारी वाजवली. काकांनी लॉगबुक उघडून वेळ लिहिली आणि पुढं "ठवकर" असं माझं नाव लिहिलं.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर पलीकडचा आवाज वाढला. आधी थोडा, मग इतका की आमच्या कपाटातले पेले किणकिणू लागले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला गाठून, तुमचं त्यांच्याकडं जाणं-येणं आहे तर तुम्हीच बोला, असं सांगितलं. मी तीन रविवार बोलायचं म्हणून गेलो आणि घाम पुसत परत आलो. आवाजाविषयी बोलायला आवाजच जागा देत नव्हता. काकांचं वागणंही जरा बदललं होतं. लॉगबुक आता मांडीवर उघडं असायचं आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मला वाटलं, म्हातारपणी नोंदी तपासून घेत असतील.

मग तो रविवार आला. एका बँडच्या एकाच सभागृहात लागोपाठ दोन दिवस झालेल्या कार्यक्रमांच्या दोन कॅसेटी काकांकडं होत्या, शनिवारची आणि रविवारची. गाणी तीच, क्रमही तोच. ड्रमवाला एकटा वाजवत होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि काका घड्याळाकडं बघत होते. बघता बघता ते उठून उभे राहिले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. ड्रम चालूच होता. तो आणखी दोन मिनिटं चालणार होता. काका टाळ्या वाजवत माझ्याकडं बघत होते, मी का वाजवत नाही म्हणून. मग त्यांचे हात थांबले. त्यांनी मशीनपाशी जाऊन कॅसेटीवरची चिठ्ठी वाचली, मांडीवरून खाली पडलेलं लॉगबुक उचलून त्यावरची चिठ्ठी वाचली. कॅसेट शनिवारची होती, लॉगबुक रविवारचं.

त्यांनी मशीन बंद केलं. घर एकदम इतकं शांत झालं की मला आमच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली. काकांना ती ऐकू आली नाही, हे मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं.

"कधीपासून?" मी मोठ्यानं विचारलं.

"पोळ्यापासून," ते म्हणाले. "ड्रम येतो गा. खालचा खर्ज येतो. पब्लिक नाही येऊन राहिलं."

बारीक आणि उंच आवाज आधी गेले होते. टाळ्या, शिट्ट्या, त्या बाईचं हसणं. आवाज कितीही वाढवला तरी बँडच मोठा होत होता आणि माणसं काही परत येत नव्हती. म्हणून काका सहा महिने लॉगबुक आणि घड्याळ लावून बसत होते. आता टाळ्या झाल्या असतील, आता बाटली पडली असेल, असं. ड्रम चालू असतानाही पब्लिक टाळ्या देतं, म्हणून तो ऐकू येत असूनही त्यांना शंका आली नव्हती. मला फार वाईट वाटलं. मी सेक्रेटरींचा निरोप दिलाच नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना धंतोलीला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, कानात मशीन बसवलं आणि कौतुकानं सांगितलं की आजूबाजूच्या गर्दीचा गोंगाट हे मशीन आपोआप दाबतं, समोरच्याचं बोलणं तेवढं स्पष्ट येतं. काकांनी मान हलवली. मग विचारलं की, याच्या उलटं करता येतं का, म्हणजे समोरचा दाबायचा आणि गर्दी राहू द्यायची? बाईंना तो विनोद वाटला. काका वाट बघत राहिले. तेव्हा बाई म्हणाल्या की असं आजवर कोणी मागितलेलं नाही, पण सेटिंग बदलून बघू. त्यांनी मनापासून प्रयत्न केले. त्यानंतर आम्ही तिथं तीनदा गेलो. मशीननं काकांना माझं बोलणं ऐकू येऊ लागलं, दाराची बेल ऐकू येऊ लागली, बुधवारी मुलीचा फोन नीट होऊ लागला. रविवारी मात्र टाळ्यांच्या जागी कोणीतरी तव्यावर पाणी शिंपडतंय असं त्यांना वाटायचं. कॉन्सर्टपुरतं ते मशीन डबीत ठेवायला लागले.

आता माझं काम वाढलं आहे. काका कॅसेट लावतात, डोळे मिटून बसतात आणि मी त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगत बसतो. टाळ्या. शिट्टी, उजवीकडून. कोणीतरी फर्माईश करतंय. लॉगबुक बघून सांगितलेलं त्यांना चालत नाही, त्यातलं सगळं त्यांना माहीतच आहे. मला कानांनी ऐकून सांगावं लागतं. कूलर बंद ठेवून, घामाघूम होऊन, मी परक्या मुलखातल्या, बहुधा आता हयातही नसलेल्या लोकांच्या हालचाली एका म्हाताऱ्या माणसाला कळवत असतो. माझ्या ऑफिसात हे कोणाला ठाऊक नाही. मागच्या महिन्यात मला एका कॅसेटीत दोन माणसं आपसांत कुजबुजताना सापडली, काकांच्या नोंदीत ती नव्हती. त्या दिवशी त्यांनी मला चहा स्वतः करून पाजला.

परवाच्या रविवारी शेवटचं गाणं झालं. मी टाळ्या सांगितल्या, खूप वेळ चालल्या, मग त्या विरत गेल्या आणि रेकॉर्डिंग संपलं. कॅसेट अजून फिरत होती, पण तिच्यात आता काही नव्हतं. काका डोळे मिटूनच बसले होते. मी उठायच्या बेतात होतो. घरी बायकोनं कोथिंबिरीची सांबारवडी केली होती आणि ती गार झाली की तिला अर्थ राहत नाही.

"गेले का गा लोक?" काकांनी विचारलं.

मी रिकाम्या कॅसेटीकडं बघितलं. मग त्यांच्या कानाशी वाकलो.

"नाही काका. बसले आहेत."

"कोणी उठून नाही राहिलं?"

"कोणीच नाही."

त्यांनी मान हलवली. मग डोळे न उघडता ते म्हणाले, "तू बी बसशीन ना थोडा?"

"बसतो," मी म्हटलं.